सांडूनानांच्या कैदेतून

मुकुंदवाडी, मंगळवार

तीर्थरूप कारभारीमामांना शिवराजचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार.

तुमचा गुडघा आता माडी चढू देतो का? मामीचा खोकला गेला असेल. नसेल तर पाचोडच्या त्याच डॉक्टरकडं परत जाऊ नका. मी खुशाल आहे असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहिलं. (फोनच करणार होतो, पण तुम्ही मध्येच "हं, मग?" म्हणता आणि माझं डोकं फिरतं.)

आमच्या गल्लीत सांडूनाना राहतात. जन्मभर नाटकांत विनोदी कामं केली. त्याआधी फौजेत होते. एकाहत्तरच्या लढाईत पाकिस्तानच्या हाती सापडले आणि वर्षभर तिथं कैदेत राहिले. विनोद ते तिथंच शिकले, तेही चुकून. थंडीनं दात वाजत असताना त्यांनी पहारेकऱ्याला आपल्या इथल्या दख्खनीत, रडकुंडीला येऊन विनवलं, "भौत ठंडी बजरी मियाँ, एक कंबल देव ना!" तर ती बोली ऐकून तो पंजाबी गडी पोट धरून खालीच बसला. हसता हसता कंबल दिलं, आणि दुसऱ्या दिवशी दोस्तांना घेऊन आला, परत माग म्हणाला. नाना म्हणतात, "जन्मातली सगळ्यात खरी विनवणी केली, आन् तीच माझी पहिली एंट्री."

यावर त्यांची नात मोनिका नाटक बसवतेय. (मोनिकाबद्दल या पत्रात काही लिहायचं नाय असं ठरवलंय. ती नुसत्या डोळ्यांनी रागावते, एवढंच सांगतो.) मला वाटलं, तरुणपणच्या नानांचं काम मलाच मिळणार. ते मिळालं इंद्रजीतला, ज्याला रडता येत नाय, हसवता येत नाय, फक्त केस मागं सारता येतात. कैद्याला कसले केस? मला दिला पहारेकरी. सबंध नाटक बंदूक धरून उभं राहायचं आणि एकदाच हसायचं. तेही नानांना पसंत नाय. पुढच्या खुर्चीतून ओरडतात, "अरे मुडद्या, हे हसणं हाय का उचकी? तो मानूस दिलदार होता, नीट हस!" मामा, समोर इंद्रजीत मोनिकानं ओतलेला चहा पितोय, मी हसू आणू कुठून?

काल मोनिका त्याचा हात धरून गुडघे कसे टेकायचे ते दाखवत होती. माझं डोकं सरकलं. बंदूक (लाकडी आहे) फेकली आणि सगळ्यांसमोर म्हणालो, "मोनिका, तुझ्यापायी मी कॉलेज सोडलं! दिवाळीपासून वर्गात पाय ठेवला नाय! तुला काय हाय का त्याचं?" खरंच रडत बोललो, खोटं नाय सांगत. आणि सगळे हसले, मामा. इंद्रजीत हसला, चहावाला हसला, मोनिका तर ओढणी तोंडात कोंबून हसली. नाना टाळ्या वाजवत उठले, "हाच! माझं काम ह्यालाच द्या. इंद्र्या, बंदूक उचल!" म्हणजे आता रोज मी रडायचं आणि रोज त्या इंद्रजीतनं मला हसायचं. ही बढती म्हणायची?

डोळे पुसून मोनिकानं विचारलं, "कॉलेज सोडल्याचं घरी सांगितलंस?" मी चप्पल नीट करायला खाली वाकलो. "आधी घरी सांग. मग माझ्याशी बोल."

संपलं. मी आता तिचं तोंड पाहणार नाय. (तालमीत पाहावं लागतं, तो भाग निराळा.)

तुमचा वैतागलेला भाचा,
शिवराज

ता.क. हे पत्र चुकूनही तुमच्या दाजींना, म्हणजे आमच्या दादांना, दाखवू नका.

ता.क. दाखवाच. म्हणजे असं, तुम्ही स्वतः चितेगावला जा, दादा कंपनीतून सुटले की गाठा, आणि कॉलेजचं तेवढं सांगून टाका. माझ्यानं होणार नाय. दादा मारत नायत, चष्मा काढून ठेवतात आणि बघत बसतात.

ता.क. आज नानांनी सांगितलं, "मानूस हसतोय तवरच मागून घ्यावं, तोंड मिटलं की त्याला कायदे आठवतात." तेव्हा मामा, हसू आलं असेल तर उद्याच्या पहिल्या गाडीनं निघा. आलं नसेल, तर पत्र मामीला मोठ्यानं वाचून दाखवा, आणि ती हसली की निघा.