मागची तारीख

सहार, नोव्हेंबर १९८७

प्रिय रेजिना,

मी बरा आहे, ताप नाही. विमानतळाजवळच्या या वॉर्डात दिवसभर मच्छरदाणीत ठेवतात. जेवण वेळेवर येतं. लागोसला पीतज्वराची साथ आहे आणि माझ्या लशीला दहा दिवस झालेले नाहीत, म्हणून आपल्या पोरीचं लग्न झाल्यावरच सोडतील. डॉक्टरांना मी पुन्हा विचारलं नाही.

काल तुझा भाऊ डॉमनिक खिडकीपाशी येऊन ओरडला, "दाजी, तिकडचा डॉक्टर लशीच्या दाखल्यावर मागची तारीख टाकून देत होता ना? घ्यायची ना! येशू काय रुसला असता?" मी हसलो. मला डास चावून मरोळात कुणाच्या पोरीला तो ताप झाला तर, असं तेव्हा मनात आलं होतं. की नुसता नियम मोडायला घाबरलो? आता आठवत नाही.

संध्याकाळी तुम्ही नवरीच्या आंघोळीसाठी उंबराचं पाणी आणायला विहिरीवर निघालात, तेव्हा बँड इथे ऐकू आला. ब्रिजेटनं बांगड्या भरल्या का? तू जेवलीस का?

उद्या चर्चमध्ये डॉमनिकनंच तिचा हात धरावा. त्याला माझा काळा कोट दे. सकाळी येईल तेव्हा हे पत्र त्याच्याकडेच देतो.

ब्रिजेटला त्या तारखेचं सांगू नका. मला येणं शक्यच नव्हतं, असं तिला वाटू दे.

तुझा,
सेबेस्टियन