रविवारची रिकामी फ्रिक्वेन्सी

सर, आज आमच्या ऑफिसात दोन वकील एका फ्रिक्वेन्सीवरून तासभर भांडले आणि मला तुमची स्कूटर आठवली. दोघांच्या पुढ्यात रंगीत नकाशे, आजूबाजूला लॅपटॉप उघडून बसलेली तरुण मंडळी, आणि हवेतली ती एवढीशी जागा कुणाची यावर घसा कोरडा पडेपर्यंत वाद. मी मध्येच विचारलं, "तिथं आत्ता काय ऐकू येतंय, ते कुणी ऐकलंय का?" सगळे माझ्याकडे असे बघायला लागले, जणू बाईंची शुगर कमी झाली असावी. तुम्ही असतात तर टेबलावर हात मारून हसला असतात. "घर मागायलेत आन् आत जाऊन बघितलंच नाही, कैसे लोगां हैं," असं काहीतरी तुमच्या अर्ध्या मराठी, अर्ध्या दखनीत म्हणाला असतात. तुम्ही नाही, म्हणून घरी येऊन हे लिहायला बसले आहे.

हैदराबादेत नल्लकुंट्यातल्या तुमच्या घराची पुढची खोली हेच तुमचं ऑफिस होतं. सरकारी रेडिओत जन्म घालवलेला इंजिनिअर निवृत्त होतो आणि नेमकं त्याच सुमाराला सरकार रेडिओचं दार किलकिलं करतं. आधी बोली लावणाऱ्या कंपन्या आत शिरल्या, मग कॉलेजांना छोटी केंद्रं काढायची मुभा मिळाली, मग बायकांच्या आणि गावोगावच्या संस्थांनाही. प्रत्येकाला दिल्लीहून परवाना हवा, आणि परवान्याबरोबर एक फ्रिक्वेन्सी, म्हणजे रेडिओच्या काट्यावरची आपली स्वतःची जागा. ती मागायची तर अँटेना कुठं उभी राहणार, आवाज कुठवर पोचणार, शेजारच्या केंद्रात घुसणार तर नाही ना, हे सगळं कुणीतरी नीट मांडून द्यावं लागे. ते तुम्ही देत होतात. मी इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा घेऊन नोकरी शोधत होते. बाबा नांदेडकडून बदली होऊन इथं आलेले, आम्ही बौद्ध, घर विद्यानगरच्या मागच्या वस्तीत. तुमच्याकडे आले त्याच आठवड्यात इथल्याच हिमायतनगरला एका मराठी घरी कुणाच्या तरी ओळखीनं कामासाठी गेले होते. तिथं पाण्याचा ग्लास यायच्या आधी आडनाव विचारलं गेलं, आणि मग ग्लास आलाच नाही. तुमच्या दारात मी आडनाव तयार ठेवूनच उभी होते. तुम्ही विचारलंत, "सोल्डरिंग येतं का? धूर डोळ्यात जातो, रडायचं नाही." आतून काकू ओरडल्या, "आधी खाऊ तर घाला तिला, मग रडवा!" आणि मला स्वयंपाकघरात ओट्याजवळ बसवून त्यांनी चुरमुऱ्यांचा सुशीला वाढला, स्वतःच्या ताटलीशेजारी ताटली ठेवून. त्याबद्दल मी तुम्हा दोघांचे आभार कधी मानले नाहीत. मानले असते तर काकूच चिडल्या असत्या.

महिन्याभरात तुम्ही जुन्या बाजारातून एक टेबल आणलंत, त्याचा एक पाय लंगडा होता. तो स्वतः बसवलात आणि टेबल खिडकीशी लावून म्हणालात, "पाहुण्याच्या खुर्चीत बसून काम होत नाही. हे तुझं." आमच्या घरात तोवर कुणाचंच स्वतःचं टेबल नव्हतं. मी पहिल्या दिवशी काही काम नसतानाही संध्याकाळपर्यंत त्याच्याशी बसून राहिले. त्याच टेबलाशी तुमची बोलणीही खाल्ली. एका जागेबद्दल मी पाच मिनिटं हेडफोन लावून "रिकामी आहे" असं लिहून टाकलं होतं. तुम्ही कागद वाचलात, चष्मा काढलात. "पाच मिनिटं तर तुझी काकूबी गप्प बसते पोरी. म्हणून काय घर रिकामं झालं?" मला राग आला होता, कारण काकू दारात उभ्या राहून हसत होत्या. पण ते वाक्य मी पुढं माझ्या हाताखालच्या प्रत्येकाला ऐकवलं आहे, काकूंच्या जागी माझं नाव घालून.

तुमची पद्धतच तशी होती. जी जागा मागायची, ती आधी ऐकायची. कुठली जागा कुणाला दिली ते सांगणाऱ्या दिल्लीच्या यादीवर तुमचा विश्वास नव्हता. म्हणून आमच्या वस्तीतल्या बायकांच्या संस्थेचा अर्ज परत आला तेव्हा तुम्ही यादी बाजूला सारून स्कूटर काढलीत. ही संस्था म्हणजे एक बालवाडी, एक शिवणवर्ग आणि भरपूर बोलणाऱ्या बायका. आई तिथं बालवाडीत शिकवायची. तेलुगू, उर्दू, मराठी अशा तीन भाषांत बोलायचं, दवाखाना, रेशन, शाळा, नवऱ्यांची दारू, सगळ्यावर बोलायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. एका खोलीला आतून गोणपाट लावून त्या टेपवर सरावही करत होत्या. आई मला विचारायची, "मी काय बोलू गं त्या डब्ब्यात? माझं कोण ऐकायलंय?" पण दुपारी मुलं झोपली की तीच सगळ्यात आधी त्या खोलीत जाऊन बसायची. आणि दोन वर्षं वाट बघून दिल्लीचं उत्तर आलं की या भागात फ्रिक्वेन्सी शिल्लक नाही, शेवटची होती ती एका इंजिनिअरिंग कॉलेजला दिली आहे. संस्थेचं म्हणणं कुणी फेटाळलं नव्हतं, फक्त जागा संपली होती. बाकी बायका चिडल्या. आईनं दुपारी त्या खोलीत जाऊन बसणं सोडलं, आणि मला तेच सहन होईना.

मग आपले रविवार सुरू झाले. रविवारीच, कारण गाड्या कमी असतात आणि इंजिनांची खरखर रेडिओत घुसत नाही, असं तुमचं म्हणणं, आणि ते बरोबरच होतं. तुम्ही पुढे, मी मागे, माझ्या मांडीवर ट्रान्झिस्टर आणि कानात हेडफोन. विद्यापीठाच्या भिंतीशी थांबायचं, बरकतपुऱ्याच्या कोपऱ्यावर थांबायचं, कॉलेजच्या फाटकासमोरसुद्धा. तुम्ही इराणी हॉटेलातून चहा आणायचात आणि मी काटा कॉलेजच्या जागेवर ठेवून ऐकत राहायचे. नुसता सूं असा आवाज. कित्येक रविवार गेले, कॉलेज एक अक्षर बोललं नाही. तुम्ही खुलत चाललात. परवाना घेऊन जागा अडवून ठेवायची आणि केंद्र चालवायचंच नाही, हे त्या काळात बऱ्याच ठिकाणी चाललं होतं. तुम्ही तक्रार ठोकून दिलीत की कॉलेजची फ्रिक्वेन्सी मुकी पडून आहे, ती काढून बायकांना द्या. दिल्लीनं सुनावणी लावली, अधिकारी हैदराबादलाच येणार होते. वस्तीत सणासारखं वातावरण झालं. आईनं त्या दिवसासाठी साडीला नवा फॉल लावून घेतला.

सुनावणीच्या आदल्या दिवशी मी तापानं घरी पडून आहे. आई बालवाडीत. ट्रान्झिस्टर उशाशीच असतो, काटा कुठं आहे ते न बघता मी तो लावते, आणि एक मुलगी तेलुगूत सांगते आहे की आजचं वर्कशॉपचं प्रॅक्टिकल पुढं ढकललं आहे. मग गाणं. मग एक मास्तर पंपाबद्दल बोलतो, अत्यंत कंटाळवाणं. मी काटा बघते. कॉलेज बोलत होतं. रोज बोलत होतं, कॉलेज भरल्यापासून सुटेपर्यंत, दहा ते चार, तसं ती मुलगीच शेवटी सांगत होती. फक्त रविवारी सुट्टी असायची. सर, आपल्या दोघांच्या डोक्यात एकदाही आलं नाही की कॉलेजला रविवारी सुट्टी असते! तुम्ही सगळा जन्म अशा रेडिओत काढलात जो दिवाळीलाही बंद नसायचा, आणि मी तुमची शिष्या. तशीच तापात रिक्षा करून तुमच्याकडे आले. तुम्ही ऐकून घेतलंत आणि मग जे हसायला लागलात ते थांबेचनात. "हौले हैं आपण दोघं, येडे. एकदम हौले!" काकूंनी माझ्या कपाळाला हात लावला आणि हसणाऱ्या तुम्हाला शिव्या दिल्या.

दुसऱ्या दिवशी तुम्ही काय करणार ते मला सांगितलं नव्हतंत. सरकारी इमारतीतली ती लांबट खोली, मागच्या बाकांवर आमच्या बायका, आई फॉल लावलेल्या साडीत. समोर कॉलेजच्या प्राचार्य, करड्या केसांच्या तेलुगू बाई, पिशवीभर कॅसेटी पुराव्याला घेऊन आलेल्या. अधिकाऱ्यानं फाइल उघडायच्या आत तुम्ही उभे राहिलात आणि म्हणालात, "साहेब, आमची तक्रार चुकीची आहे. यांचं केंद्र चालतं, रोज चालतं. आम्ही फक्त रविवारी ऐकलं. चूक माझी, संस्थेच्या बायकांची नाही." माझ्या मागून आईचा आवाज आला, फार हळू नव्हता, "घालवलं की ह्यांनी सगळं." तुम्हाला तो ऐकू गेला. मला दिसलं. तरी तुम्ही पुढं बोललात, की दहाच्या आधी आणि चारनंतर ती जागा खरंच रिकामी असते, तेवढा वेळ या बायकांना वाटून द्या. अधिकारी माणूस वाईट नव्हता. त्यानं पानं उलटून बघितलं आणि सांगितलं की एका परवान्यात दोघांची वाटणी नियमात बसत नाही. तक्रार निकाली निघाली. आपण हरलो, सर, आणि मला तेव्हा तुमचा इतका राग आला होता की मी तुमची बॅगसुद्धा उचलली नाही.

बाहेर व्हरांड्यात प्राचार्य बाई तुमच्या मागून आल्या. "मैं तो लड़ने के वास्ते आयी थी," त्या म्हणाल्या, "आपने मौकाच नहीं दिया." मग म्हणाल्या की नियमाप्रमाणे त्यांच्या केंद्रावर आसपासच्या लोकांचे कार्यक्रम हवेतच, तपासणीला येणारे दर वेळी तेच विचारतात, आणि मुलं घरी गेल्यावर स्टुडिओ कुलूप लावून पडलेला असतो. संध्याकाळ बायकांनी घ्यावी. परवाना कॉलेजचाच राहील. आई लगेच म्हणाली, "म्हंजे दुसऱ्याच्या घरात चूल मांडायची." तिच्या बोलण्यात काही खोटं नव्हतं. तुम्ही प्राचार्यांना एवढंच विचारलंत, "चाबी यांच्याकडे राहील का? रोज मागावी लागणार नाही ना?" त्यांनी आईकडे बघितलं. "अम्मा, एक चाबी आपकी." तेव्हा कुठं आईचा चेहरा सैल झाला, आणि मी तुमची बॅग घेतली.

मी आज या धंद्यात ज्या खुर्चीवर बसते तिथवर तुम्ही मला आणलंत, हे तर खरंच. पण मला त्याहून मोठी वाटते ती तुमची ती सकाळ. आपल्याच बाजूची उणीव आपणच आधी सांगून टाकायची, मग समोरच्याकडं भांडायला फारसं काही उरत नाही. हे मी कितीदा केलं आहे आणि कितीदा त्यानं काम झालं आहे, तुम्हाला सांगितलं तर तुम्ही उगाच फुगाल. नेहमी होत नाही, तेही खरं. वकील मंडळी त्यासाठी मला नावं ठेवतात.

बायकांचा कार्यक्रम सुरू झाला त्या संध्याकाळी पहिला अर्धा वेळ मराठीचा होता, आणि मराठीत पहिली आई बोलणार होती. थेट, टेप न करता. तुमच्या घरी तो आवाज पोचणार नव्हता, मधल्या नव्या इमारती अडवणार होत्या; तुम्हीच हिशेब मांडून ते आधी सांगितलं होतंत, आणि तुमचे पाय तेव्हा इतके सुजले होते की काकूंनी स्कूटरची किल्ली लपवली होती. म्हणून ऐकायचं काम माझं. मी आमच्या गच्चीवर उभी होते. सगळ्या वस्तीत दारं उघडी, प्रत्येक दारातून तोच आवाज. नंतर तुमचा फोन आला. "काय बोलली आई?" तुम्ही विचारलंत. मी म्हटलं, "एकदम साफ येत होतं, सर. जरासुद्धा खरखर नव्हती." तुम्ही म्हणालात, "बस. झालं मग," आणि इतके खूश झालात की पुढं काही विचारलंच नाहीत. पुढच्या वर्षी तुम्ही गेलात.

आई घरी आली तेव्हा तिनंही विचारलं, "ऐकलंस ना?" मी हो म्हटलं. शेजारणी म्हणाल्या, छान बोलली. मी मान डोलावली. आता आईही नाही, आणि ते बोलणं कुणी टेप केलेलं नाही. तर सर, हे फक्त तुम्हाला सांगते, कारण हे पत्र कुठंच जाणार नाही. ती बोलत होती तेवढा सगळा वेळ मी रडत होते. आई काय बोलली, ते मला माहीत नाही.