माळावरचा खांब

माळवाडी (लिंबागणेशजवळ)
ता. ४ मार्च २००४

चि. राधाकिशन यास,
थोरल्या भावाचे अनेक आशीर्वाद.

परवा सकाळी गणपतीला दूर्वा वाहून मी घरी न येता माळावर गेलो आणि तुमच्या ऑफिसने आपल्या रानात उभारलेल्या खांबाला पाठ लावून बसलो. बोअरची गाडी आली होती. पाणी पाहणाऱ्याच्या तळहातावरचा नारळ नेमका तिथेच उभा राहिला, म्हणून पाणी सोसायटीने खांब पाडून तिथेच बोअर घ्यायचे ठरवले. चेअरमन सुंदरराव म्हणाले की ऊठ बे बद्रीनाथ, गावाच्या घागरी रिकाम्या हायत अन् तू धरती डुलायचा हिशेब कावून राखतोस? मी उठलो नाही. रान माझे, म्हणून गाडी परत गेली. पण टँकरपाशी आता माझ्याशी कोणी बोलत नाही. तुझी वहिनीसुद्धा.

एका खांबावाचून तुमचे काय अडते ते सरळ सांग. मग गावाला तोंड देतो.

तुझा दादा

पुणे
ता. १० मार्च

ती. दादांस,
शि. सा. न. वि. वि.

पृथ्वी फिरताना थोडी डुलते, म्हणून तिचा ध्रुव काही मीटरच्या घेऱ्यात सरकत राहतो. दूरच्या ताऱ्यांकडे कान लावलेल्या तबकड्या, उपग्रहांवर सोडलेला लेसर आणि आपल्या खांबावरचे जीपीएस, अशा तिघांची साक्ष जुळवून आम्ही त्याचा माग काढतो. प्रत्येकाची खोड वेगळी, म्हणून एकट्यावर विसंबत नाही. आपल्या भागात असे खांब विरळ. तो पडला तर इतक्या वर्षांची नोंद तुटेल.

पण वहिनीची रिकामी घागर मला जास्त जड वाटते. साहेबांना सांगून खांब काढून घेतो. तुमचा हट्ट गणपतीलाही ठाऊक आहे, पण एवढे ऐका.

दुष्काळात माया आटू देऊ नये, ही विनंती.
राधाकिशन

माळवाडी
ता. १७ मार्च

चि. राधाकिशन यास आशीर्वाद.

खांब निघणार नाही. तुझे म्हणणे मी सोसायटीच्या बैठकीत सांगितले. पंप दुरुस्त करणारा नबी मिस्त्री हसला, म्हणाला की ध्रुवाला तीन साक्षी लागतात, अन् आपण एका नारळावर निघालो व्हय! सुंदरराव भडकले. म्हणाले, लई शहाणा झालास, मग पाणी तू दे. मी म्हणालो, देतो.

माझ्या ओढ्याकाठच्या बोअरला बारीक धार आहे, तिच्यावर मोसंबी कशीबशी तगून होती. तुझी वहिनी रात्री रडली, झाडे तिनेच लावलेली. सकाळी मात्र नबीला चहा तिनेच नेऊन दिला. त्याने बागेचा पाइप तोडून गावच्या टाकीला जोडला. मोटर मी चालू केली.

तुझा दादा
बद्रीनाथ