आईची माळ आणि तुझ्या डब्या

देवळाली प्रवरा,
रविवार

प्रिय कल्याण,

फोन केला की तू 'ताई, मीटिंगमध्ये आहे, नंतर करतो' म्हणतोस आणि तुझं ते नंतर काही उजाडत नाही, म्हणून लिहायला बसले. पत्र तरी तुला मध्येच कट करता येणार नाही. मुद्द्याचं आधी सांगते, मग काय चिडायचं ते चीड. आईच्या वर्षश्राद्धाला तू मला दिलेली ती प्लास्टिकची डबी मी फोडली. नानांची पण फोडली. आणि तुझ्या सुप्याच्या घरी शोकेसमध्ये ज्या ओळीनं मांडून ठेवल्यात, त्याही फोडून आतले रुपये तू मला द्यावेस, म्हणजे आईची माळ पुन्हा ओवता येईल. आता पाणी पी थोडं आणि पुढं वाच.

अरे, असलं काही सुचतं तरी कसं रे तुला? आईची राणीछाप रुपयांची माळ, तिच्या सासूनं तिच्या गळ्यात घातलेली, ती तू उसवलीस. एकेका रुपयाची कडी तासून काढलीस आणि ऑनलाइन घाऊक मागवलेल्या डब्यांत एकेक कोंबून वर झाकण चिकटवून टाकलंस. डबीवर काय छापलंय ते तरी वाचलंस का? 'गौरवशाली वारसा', आणि खाली हत्ती. आपल्या दारात हत्ती कधी झुलत होता रे? हत्तीखाली तुझं स्टिकर, 'कै. रतनबाई यांच्या स्मरणार्थ'. नानांच्या, आपल्या बापाच्या हातात ती डबी ठेवलीस, तर त्यांनी उलटीसुलटी करून मला विचारलं, 'विजू, ह्ये औषध कवा घ्यायचं?' सगळे हसले. तूही हसलास. त्याच दिवशी तुझा कान पिळावासा वाटला होता, पण पाहुणे होते.

तुझं एकच पालुपद. काढू नकोस, हवा लागली की काळे पडतात, किंमत जाते. कसली किंमत? तूच पाठवलेला तो जुन्या नाण्यांचा व्हिडिओ मी शेवटपर्यंत पाहिला. तू पाहिला नसणार. त्यातला माणूस स्वच्छ सांगतो, की ज्या नाण्याला कडी डाखून जोडलेली होती त्याच्याकडे संग्रह करणारे ढुंकूनही बघत नाहीत, ते मोडीच्या चांदीतच जायचं. मग तू जपतोयस काय? हत्ती? आणि काळं पडण्याचं म्हणशील, तर आईच्या गळ्यात कधी काळे पडले ते? खुरपायला गेली तरी माळ गळ्यात, पाटावर गोधड्या धुतल्या तरी गळ्यात. घामानंच लखलखायचे. मधल्या रुपयावरच्या राणीचं नाक पार झिजलं होतं. तुला दात येत होते तेव्हा तू आईच्या मांडीवर पडून तोच रुपया चघळायचास, आणि आई आल्यागेल्याला सांगायची, 'राणीचं नाक माझ्या कल्यानानं खाल्लं!' तो रुपया आता कोणत्या डबीत आहे, सांगता येईल तुला? मागं तुझ्याकडं आले तेव्हा मी शोकेसपुढं उभी राहून शोधत होते, तर तुझी बायको ज्योती म्हणाली, 'ताई, काचेला हात नका लावू, डाग पडतात.' तिचा राग नाही मला. ती तुझंच ऐकून बोलते.

डबी फोडणंही काही सोपं नव्हतं बरं का. सुरीनं कड उचकटायला गेले, तर सुरीच वाकली. मग अंगणात दगडावर ठेवून वरवंटा घातला. तुझे दाजी आतून ओरडले, 'अगं, रुपयाला लागेल!' रुपयाला काही झालं नाही, माझा अंगठा सोलला. पण तो रुपया तळहातावर घेतला आणि मेलं रडूच कोसळलं. भागवत सोनारानं दोन्हींना नव्या कड्या डाखून दिल्या. म्हणाला, बाकीचे आणा, दुपारभरात ओवून देतो. आता तुझ्या मनात येईल की ताईला हिस्सा हवाय. नको रे बाबा मला हिस्सा. मिरवायचंही माझं वय राहिलं नाही. काम झालं की माळ तूच घेऊन जा, मी एका शब्दानं विचारणार नाही.

काम काय, ते लिहायला हात होत नव्हता. तू घाईघाईत 'नाना बरे ना?' विचारतोस आणि मी 'बरे' म्हणते. बरे नाहीत. दिवाळीपासून त्यांना कुणी ओळखू येत नाही, आणि आता जेवणही सोडलंय. घास पुढं केला की तोंड फिरवतात. 'तुमी कोन बाई? आमच्या घरचं मानूस आलं की जेवू' म्हणतात. हे मला म्हणतात रे कल्याण, पोटच्या पोरीला. डॉक्टरांनी नळी घालायची भाषा केली आहे. परवा ते दोन रुपये कुठं हरवायला नकोत म्हणून मी दोऱ्यात घालून गळ्यात अडकवले आणि भाकरी थापायला घेतल्या. परातीवर वाकले की ते एकमेकांवर वाजत होते. तर पलंगावरून नानांची हाक आली, अगदी पहिल्यासारखी खणखणीत. 'रतन, झाली का गं भाकर? लई भूक लागलीय.' मी डोक्यावर पदर घेतला, 'झाली' म्हणाले आणि ताट घेऊन गेले. अर्धी भाकरी खाल्ली त्यांनी माझ्या हातून. काल पुन्हा तसंच केलं, तर नुसते कान देऊन ऐकत राहिले, हाक काही मारली नाही. दोनच रुपये आहेत, त्यांचा आवाज तो किती येणार. सगळी माळ वाजायला हवी. डब्यांसकट आणलेस तरी चालेल, पण लवकर ये.

तुझीच,
विजूताई