स्टीअरिंगचा गिअरबॉक्स: चार तासांचं काम

५ एप्रिल, शनिवार
निर्णय झाला. गाडीच्या स्टीअरिंगचा गिअरबॉक्स मीच बदलणार. तेल गळतंय, चाक फिरवताना दंड भरून येतात. बिल्यानाची बाळंतपणाची तारीख वीसची. जावई कालोयान बोटीवर, त्यामुळे लेकीला वार्नाच्या हॉस्पिटलात मीच नेणार. भंगारवाल्याकडून जुना पण ठणठणीत गिअरबॉक्स आणलाय. तीन बोल्ट, दोन पाइप, खाली एक दांडा. मी तीस वर्षं फिजिक्स शिकवलंय. चार तासांचं काम.

६ एप्रिल, दुपारी २
बोल्ट निघाले. तेलही निघालं, बरंचसं माझ्या बाहीत. दांडा हलत नाही. हातोडा मारला. अंगठा सुजलाय. शेजारचा व्हेल्को कुंपणावरून म्हणाला, "सर, त्याला पुलर लागतो, दांडा ओढून काढायचा. आणू?" व्हेल्को मेकॅनिक आहे. नववीत मी त्याला फिजिक्समध्ये दोनदा नापास केलं होतं. म्हणालो, नको, मी दांड्याचा अभ्यास करतोय.

९ एप्रिल
अभ्यास चालू. एका जागी बसवत नाही. स्टांका म्हणाली, अंगणात जेवढ्या येरझारा घातल्यात, तेवढ्यात पायी वार्नाला पोचला असतात. बायकोला संशोधन कळत नाही.

११ एप्रिल
सकाळी गॅरेजच्या दाराशी एक पुलर सापडला. कुणाचा, ते विचारलं नाही. मागून आणणं वेगळं, सापडणं वेगळं. दांडा पाच मिनिटांत निघाला. मुळात माझ्या हातोड्याने तो सैल झालाच होता.

१३ एप्रिल
दुसरा गिअरबॉक्स बसवला. दांडा काढण्याआधी खूण करून ठेवायची असते, असं आत्ता वाचलं. अंदाजाने बसवला. अंदाज हाही शास्त्राचाच भाग.

१४ एप्रिल
गाडी उजवीकडे लोण्यासारखी वळते. डावीकडे जेमतेम, तेही कण्हत. स्टांकाने विचारलं, मग आता? म्हणालो, माणसाला वाटतं तेवढं डावीकडे वळावं लागत नाही. नकाशा पसरून वार्नापर्यंत फक्त उजव्या वळणांचा रस्ता आखला. पन्नासऐवजी एकशे तीन किलोमीटर. बिल्यानाला थोडी मोकळी हवाही मिळेल.
व्हेल्कोने, सर, एकदा बघू का, म्हणून विचारलं. वेळ नाही म्हणालो.

१६ एप्रिल, सकाळी ११
कळा चार दिवस आधीच सुरू झाल्या. मी एकदम शांत. दोघी मागे बसल्या. पहिली दोन वळणं उत्तम. पुढे नदीकडचा रस्ता खणलेला. परत उजवीकडे. मग पुन्हा उजवीकडे. समोर आमचंच फाटक.
स्टांकाने मागून फाटकाकडे बोट दाखवलं. बिल्याना म्हणाली, "बाबा, मला भीती वाटतेय."
मी उतरलो आणि कुंपणापाशी जाऊन व्हेल्कोला हाक मारली. तो तोंडाला साबण लावलेला तसाच आला. दोघींना आपल्या व्हॅनमध्ये बसवून निघाला. जागा होती. मला कुणी चल म्हणालं नाही, मीही विचारलं नाही.

संध्याकाळी ५
मुलगी. तीन किलो दोनशे. दोघी सुखरूप. मी अंगणातच आहे.

१८ एप्रिल
व्हेल्कोने स्वतःहून येऊन दांडा काढला आणि नीट बसवला. पाऊण तास. खुर्ची देत म्हणाला, "सर, तुम्ही बसा." मी बसलो. हे वाक्य लिहायला बराच वेळ लागला.

१९ एप्रिल
आज बिल्यानाला घरी आणायचं. तिचा फोन आला. म्हणाली, "बाबा, तू ये हं नक्की. पण गाडी व्हेल्कोदादाला चालवू दे."
बघू, म्हणालो.
मागच्या सीटवर जागा बरीच आहे. इतक्या वर्षांत लक्षात आलं नव्हतं.