शून्य रुग्णांचं गाव

१९ एप्रिल २०२१
शून्य! तालुक्याहून साहेबांचा फोन. "मॅडम, तुमच्या गावात कोरोनाचा एकही रुग्ण नाही. सरपंच असावा तर असा!" शेजारच्या चांगुणाकाकूंचं सरण अजून विझलं नव्हतं. या महिन्यातलं पाचवं मरण. म्हटलं, "तपासलंच नाही तर निघणार कुठून?" तर म्हणे, रुग्ण नाहीत तिथं किट कशाला पाठवायचे!

२१ एप्रिल
पाटापलीकडच्या गावानं निम्मी वस्ती तपासली. साठ निघाले. पेपरात बदनामी. पण सगळ्यांना शाळेत वेगळं ठेवलं, दम लागला की लगेच श्रीरामपूरला हलवलं. तिथं एकच माणूस गेला. आमच्याकडं? टायफॉइड, न्यूमोनिया, 'वय झालं होतं'. डोकं फुटायची वेळ आलीय.

२२ एप्रिल
उपसरपंच सूर्यभानतात्या पारावर ओरडले, "गावाचं नाव घालवायला निघाली का बाई? हितं कुनाला कायबी न्हाई. पत्रे ठोकून गाव बंद केलं तर दूध कोन घेईल आपलं?" — आणि हे सगळं खोकत खोकत! मास्क हनुवटीवर.
चांगुणाकाकूंचा कल्याण उठला. "माझी आई टायफाईडच्या गोळ्या खात मेली. येळेवर तपासली आस्ती तर वाचली आस्ती का न्हाई, तेवढं सांगा तात्या."
तात्यांनी मास्क नाकावर ओढला आणि पारावरून उतरले.

२४ एप्रिल
साहेबांच्या दारातच बसले. किट घेतल्याशिवाय उठले नाही. शंभर मिळाले, वर उपदेश — "आकडा वाढला तर तुमच्यावर येईल हां." येऊ दे!

२५ एप्रिल
शाळेत तपासणी. सकाळी चिटपाखरू नाही. गावची आशा सेविका एंजल दारोदार फिरली, लोकांनी कड्या लावल्या. मग कल्याण टेम्पोला भोंगा बांधून गावभर ओरडत गेला. दुपारी रांग लागली. पन्नासात एकोणीस पॉझिटिव्ह! तात्यासुद्धा.
रविराजना म्हटलं, सरपंचाच्या नवऱ्यानं आधी पुढं व्हायला हवं. "मला काय धाड भरलीय?" म्हणत मळ्यात निघून गेले. सगळ्या गावाशी भांडते, घरात माझं कोण ऐकतं!

२६ एप्रिल
रविराज आज बोलले. चव गेली म्हणून महिन्याच्या सुरुवातीलाच श्रीरामपूरला तपासून आले होते. पॉझिटिव्ह. पत्ता तिथल्या बहिणीचा दिला. "तुझ्या सरपंचकीला बट्टा नको म्हणून."
तेव्हा रोज सकाळी चहाला चांगुणाकाकूंकडंच बसायचे.
कल्याण आलाय. उरलेले किट कधी वापरायचे, विचारतोय. मी अजून बाहेर गेलेले नाही.