माझ्या कवितांवर कोणी हात फिरवू नये

मी, खाली सही करणारी, वय एकाहत्तर, छापखान्यात चौतीस वर्षे मुद्रिते तपासून निवृत्त झालेली, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दबावाखाली न येता हे मृत्युपत्र लिहून ठेवते. मसुदा वकिलांनी दिला होता. त्यात तीन चुका सापडल्या, म्हणून सगळाच पुन्हा लिहिला.

१. राहते घर व बँकेतली ठेव भाचीला द्यावी. ती दर रविवारी येते, ओटा पुसते, औषधे बघते आणि काही न मागता जाते. याचा मला संशय येतो. अजून कारण हाती लागलेले नाही. तोवर घर तिचेच.

२. माझा धाकटा भाऊ प्राध्यापक आणि नावाजलेला कवी. माझा एकुलता एक संग्रह त्यानेच छापून आणला. समीक्षकाने लिहिले, बहिणीवर भावाची दाट छाया आहे. मला आधीच वास आला होता. हस्तलिखित काढून ओळ न् ओळ ताडून पाहिली. अकरा कवितांत बदल! माझ्या ‘काकडलेल्या बोटां’च्या त्याने ‘शीतल अंगुली’ केल्या होत्या. जाब विचारला तर म्हणाला, “अगं ताई, नुसता हात फिरवला. तुझ्याच भल्यासाठी.”

पुढे सहा वर्षे मी एक ओळ लिहिली नाही. लिहायला बसले की वाटे, हा शब्द माझा, त्याचा, की तपासलेल्या कुठल्या पुस्तकातला?

३. मग आई गेली. तिचे कपाट आवरताना जे मनात आले ते पाठकोऱ्या कागदावर उतरवले आणि जेवणाच्या सुट्टीत छापखान्यातल्या बाइंडिंगवालीला वाचून दाखवले. ती सुईत दोरा ओवत म्हणाली, “यात कविता कुठंय? हे तर तुम्ही बोलता तसंच आहे.” मी आठ दिवस अबोला धरला. नवव्या दिवशी कागद पुन्हा वाचला. खरेच, मी बोलते तसेच होते. दुसऱ्या कोणाचेच नव्हते.

तो कागद आणि त्यानंतरच्या सगळ्या वह्या तिला द्याव्यात. छापायच्या की नाही, तिने ठरवावे. ऱ्हस्वदीर्घसुद्धा कोणी बदलू नये. ते चुकलेले नाही.

४. भावाला काय द्यावे, ठरत नव्हते. गेल्या महिन्यात तो आला. “नवीन काही वाच ना, ताई.” मी आईची कविता वाचली. त्याचा हात खिशातल्या पेनाकडे गेला. मी थांबले.

“काय रे?”

“काही नाही. आई माझीही होती, पण मला हे असं लिहिता आलं नाही.”

त्याने डोळे पुसले. ते खरेच भरले होते का, चष्म्यामुळे नीट दिसले नाही.

म्हणून लिहिते: माझी शोकसभा घेऊ नये. घेतलीच, तर भावाने भाषण न करता ती एकच कविता वाचावी. बाइंडिंगवालीने तो कागद समोर धरून बसावे. शेवटच्या ओळीपर्यंत त्याने एकही शब्द बदलला नाही, तर मी त्याला माफ केले असे समजावे.

(सही) मृत्युपत्र करणार

साक्षीदार (दोघांनाही यातून काही मिळायचे नाही, म्हणूनच निवडले):
१. खालच्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर (सही)
२. समोरची चष्मेवाली (सही). न वाचताच करत होती, वाचायला लावले.

ठिकाण: राहत्या घराचे स्वयंपाकघर
दिनांक: नऊ ऑक्टोबर, सकाळी अकरा